मुक्काम कुलाबा किल्ला

रजेच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला जगात मित्र नसतो. रजा मंजूर झाली की लोकांना वाटतं ही आपली पुण्याई, आणि नामंजूर झाली की वाटतं, ह्या गजा सुळ्यानेच मेल्याने काडी घातली. अलिबागच्या कलेक्टर कचेरीत ते टेबल माझ्याकडे होतं. मी एवढ्या शिव्या खाल्ल्यात की वर गेल्यावर चित्रगुप्तसुद्धा म्हणेल, जा रे बाबा, तुझं भोगून झालंय.

आणि माझ्या हातात होतं काय? डोंबल! नियमांच्या पुस्तकात एका रजेचं नाव ‘हक्काची रजा’, आणि त्याच पुस्तकात अगदी पहिला नियम काय, तर रजा हा हक्क नव्हे. ब्लेकनी साहेब कलेक्टर होऊन आले तेव्हा त्यांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते ठळक अक्षरांत रंगवून घेतलं आणि पाटी नेमकी माझ्या डोक्यावर ठोकली. लोक अर्ज घेऊन यायचे, पाटी वाचायचे, माझ्याकडे डोळे वटारून बघायचे आणि परत जायचे. जसं काही ते वाक्य माझ्या आजोबांनी लिहिलं होतं.

कचेरी अकरा ते पाच. अकराचे टोले संपले की हजेरीचं पुस्तक चिटणिसांच्या टेबलावर. मग जो येईल त्याच्या नावापुढे लाल शाईचं टिंब, आणि जो येणारच नाही त्याच्यापुढे लाल फुली. तीन टिंबं झाली की एक किरकोळ रजा खलास. चिटणीस म्हणजे आम्हा सगळ्या कारकुनांचे मुख्य, अण्णासाहेब दिघे. तीस वर्षांच्या नोकरीत या गृहस्थाने एक रजा घेतली नव्हती की एक टिंब खाल्लं नव्हतं. थोरला भाऊ वारला तेव्हाही सुतकात कचेरीत आले, कुठल्या कागदाला शिवायचं नाही म्हणून खिडकीपाशी लांब बसले आणि तिथून तोंडी फुल्या मारायला लावल्या.

साहेबाला मात्र कसले आलेत तास? कारकून आला नाही तर तो गैरहजर, साहेब आला नाही तर तो दौऱ्यावर. कलेक्टर जिथे खुर्ची टाकील तिथे कचेरी. हिवाळ्यात साहेबांचा तंबू तालुक्या-तालुक्याला फिरायचा आणि अर्धी कचेरी दप्तरं बैलगाडीत घालून त्याच्यामागे.

आता समुद्राचं सांगतो. आमच्या गावासमोर पाण्यात कुलाबा किल्ला. ओहोटीला चालत जावं, भरती आली की आत अडकावं, पुढच्या ओहोटीला परत यावं. नियमांत असं होतं की नैसर्गिक आपत्तीने वाट बंद पडली तर ती गैरहजेरी रजेत धरायची नाही. करणाऱ्याने तो नियम घाटातल्या दरडींसाठी केला असेल. पण आमच्या वाडवडिलांनी समुद्राकडे बघितलं, नियमाकडे बघितलं, आणि दोघांची सोयरीक जुळवून टाकली. सकाळी किल्ल्यातल्या गणपतीला जायचं, बरोबर डबा न्यायचा, पत्ते न्यायचे आणि अडकायचं. पाळीपाळीने हं. सगळे एकदम अडकले तर सरकार कसं चालायचं?

ब्लेकनी साहेबांनी दोनच महिन्यांत ओळखलं की हा समुद्र नेमका सणाच्या दुसऱ्या दिवशी खवळतो. काढलं परिपत्रक! कामाच्या दिवशी कोणाही सरकारी नोकराने किल्ल्यात पाऊल टाकू नये. टाकल्यास हंगामी नोकराची नोकरी जाईल, कायम नोकराची बढती. संपला आमचा समुद्र. त्या दिवशी अख्खी कचेरी तोंडात मारल्यासारखी बसली होती.

या सगळ्यात खरा जीव टांगणीला लागला होता तो भालचंद्र ताम्हाण्याचा. भालू माझ्या शेजारच्या टेबलावर. सात वर्षं हंगामी. दरवर्षी कायम व्हायचा कागद वर जायचा आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. आणि अण्णासाहेबांची मुलगी द्वारका म्हणत होती, करीन तर ताम्हाण्यांच्या घरचाच संसार करीन. तिने दोन स्थळं परत पाठवली होती. माझी बायको तिची मैत्रीण, त्यामुळे आमच्या घरी दुसरा विषयच नव्हता.

अण्णासाहेब दुष्ट नव्हते, पण तिरशिंगराव खरे. त्यांनी भालूला माझ्यादेखत सांगितलं होतं, “हे बघा ताम्हाणे, हंगामी माणसाला मी मुलगी देत नाही. येत्या शनिवारी तुमचा कागद साहेबांपुढे जाईल. या वर्षाची हजेरी स्वच्छ असली, एक फुली नसली, तर तुम्ही कायम आणि द्वारका तुमची. माझा शब्द आहे. फुली दिसली तर मात्र मी तिला पेणच्या स्थळाला देऊन मोकळा होईन.”

“फुली कशी पडेल, अण्णासाहेब?” भालू म्हणाला.

असं कधी बोलू नये. बोललं की पडते.

त्याच आठवड्यात मार्गशीर्षातली विनायकी आली. भालूची आई, जिजी, तिचा नवस होता: मुलगा कायम होईपर्यंत दर विनायकीला किल्ल्यातल्या गणपतीला एकवीस मोदक. नेहमी मोदक गुरव घेऊन जायचा. त्या दिवशी गुरव भावकीच्या लग्नाला नागावला गेलेला. जिजी गुडघे धरत म्हणाली, “मी जाते हो. वाटेत पडले तर पडले. देव बघून घेईल.”

आता आईने असं म्हटल्यावर कुठल्या मुलाची टाप आहे? भालूने काळा कोट घातला, पगडी चढवली, छत्री घेतली, मोदकांचा डबा घेतला आणि ओहोटी लागल्या-लागल्या गुडघाभर पाण्यातून किल्ल्यात गेला. नैवेद्य दाखवायचा आणि परतायचं, कचेरीला भरपूर वेळ होता. कोणाला कळतंय?

पुढचं मला भालूनेच सांगितलं. दर्शन घेऊन तो देवळाबाहेर आला आणि बघतो तर समोर तटावर हॅट! हॅटखाली ब्लेकनी साहेब, समुद्राकडे तोंड करून उभे. त्याने सुटकन देवळामागे दडी मारली. मनात हिशोब केला: साहेब म्हणजे वक्तशीर माणूस. दहाच्या आत बंगल्यावर जाणारच. ते गेले की आपण पळू.

आता गंमत ऐका. साहेबांनी वळून बघितलं तर देवळाच्या पायरीवर छत्री आणि जोडे. काळी छत्री म्हणजे कारकून! आणि कामाच्या दिवशी किल्ल्यात जाऊ नये हे परिपत्रक खुद्द साहेबांच्या सहीचं. आपलाच हुकूम आपणच मोडताना कारकुनाने बघितलं तर अब्रूचं खोबरं व्हायचं. साहेब पटकन तटावरच्या तोफेमागे बसले. त्यांनीही हिशोब केला: अकराला हजेरी, म्हणजे कारकून साडेदहाच्या आत निघालाच पाहिजे. तो गेला की आपण जाऊ.

झालं! कारकून साहेबाच्या शिस्तीवर भरवसा ठेवून देवळामागे, साहेब कारकुनाच्या धाकावर भरवसा ठेवून तोफेमागे. आणि समुद्राने कोणाचंच परिपत्रक वाचलेलं नव्हतं. तो आपला आला.

गावातून अकराचे टोले ऐकू आले तेव्हा भालू दरवाजाकडे धावला. वाटेवर पुरुषभर पाणी. कोळ्यांच्या होड्या सगळ्या बाहेर. तो तिथेच पायरीवर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. मला सांगताना त्याने हे लपवलं नाही, म्हणून मीही लपवत नाही.

इकडे कचेरीत अण्णासाहेबांनी पुस्तक उघडलं. “ताम्हाणे?”

“पलीकडच्या दप्तरखान्यात गेलाय,” मी म्हणालो.

अण्णासाहेबांनी शिपाई धोंडू नाईकाला पाठवलं. धोंडूने आपला दप्तरखाना झाडून बघितला. भालू नाही.

“अहो, ताप आलाय त्याला,” मी म्हणालो. “सकाळी मीच बघून आलो. अंग नुसतं फणफणलंय.”

“मघाशी तर दप्तरखान्यात होता.”

“ताप आला म्हणूनच तर परत गेला.”

एवढ्यात ओटीवरून हाक आली, “गजा! अरे गजा! भालू पोचला का रे वेळेवर?” दारात जिजी! “घरी आलाच नाही, थेट इकडे आला असेल म्हणून जेवण घेऊन आले. किल्ल्यात अडकला तर नाही ना रे माझा बाळ? मोदक द्यायला गेला होता पहाटेचा.”

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यात विनायकी असल्यामुळे माझ्या स्वतःच्या डब्यातही मासळी नव्हती. दिवसच वाईट होता.

अण्णासाहेबांनी लाल शाईत टाक बुडवला. पण हात पुढे जाईना. मी बघत होतो ना. टाकाच्या टोकावर थेंब जमला तरी हात तिथेच. मुलीचा चेहरा आला असणार डोळ्यांपुढे. मग एकदम टाक ठेवून ते म्हणाले, “ऐकीव गोष्टीवर मी फुली मारत नाही. किल्ल्यात आहे म्हणता ना? डोळ्यांनी बघेन आणि मग मारीन. सुळे, पुस्तक घ्या. दौत घ्या. चला.”

“पण अण्णासाहेब, साहेबांना विचारायला नको? साहेब बंगल्यावरही नाहीत म्हणे.”

“साहेब दौऱ्यावर असतील,” अण्णासाहेब म्हणाले. पुढे कोणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

भरतीला उधाण येईपर्यंत आम्ही किनाऱ्यावर ताटकळत उभे. शेवटी हिरू नाखवाची होडी मासळी घेऊन आली. अण्णासाहेब पगडी सावरत म्हणाले, “नाखवा, किल्ल्यात न्यायचंय.”

“शेट, मावरा उतरवू तरी द्याल का नाय?” हिरू म्हणाला. “किल्ला कुठं पलून नाय जायाचा.”

पापलेटं अशी चांदीसारखी! मी तोंड फिरवून गणपतीची क्षमा मागितली आणि होडीत बसलो.

आता किल्ल्यात काय झालं होतं? दुपारी भूक लागली तसा भालू पुष्करणीच्या पायरीवर डबा उघडून बसला. नोकरी गेली, बायको गेली, निदान प्रसाद तरी खावा. तेवढ्यात मागून आवाज आला, “हे गृहस्था, हा पदार्थ कोणता आहे?”

साहेबांचं मराठी पुण्याच्या शास्त्रीबुवांकडून शिकलेलं. भालू ताडकन उठला. साहेबांचा चेहरा उन्हाने लालबुंद, बूट हातात, आणि त्यांच्या फराळाची पुडी कावळ्याने केव्हाच लांबवलेली. “मोदक, साहेब,” भालू म्हणाला.

“मला त्याची गरज आहे,” साहेब म्हणाले.

चार मोदक पोटात गेल्यावर माणूस माणसात येतो, मग तो कलेक्टर का असेना. साहेब पायरीवर बसले, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाले, “तू मजपासून लपला होतास. मी तुजपासून लपलो होतो. आपण दोघे गाढव आहोत.” भालूला हो म्हणावं की नाही म्हणावं कळेना. मग साहेबांनी पश्चिमेला बोट दाखवलं. विलायतेची आगबोट मुंबईहून सुटली की या तटावरून तिचा धूर दिसतो म्हणे. तो बघायला ते यायचे, तसे आजही आले होते. मायदेशी जायची लांब रजा त्यांनी तीनदा मागितली होती. तिन्ही वेळा मुंबईच्या मोठ्या कचेरीतून एकाच वाक्याचं उत्तर. कुठलं वाक्य ते माझ्या डोक्यावर टांगलंय.

“माझी कन्या मी शेवटी पाहिली तेव्हा ती रांगत होती,” साहेब म्हणाले. “आता ती मला पत्रात विचारते, बाबा, तुम्हांला दाढी आहे काय?”

भालूने काय करावं? त्याने साहेबांपुढे आणखी एक मोदक ठेवला आणि आपली सगळी कहाणी सांगून टाकली. द्वारका, शनिवार, फुली, पेणचं स्थळ, सगळं. साहेब नुसते खात राहिले.

आणि मग आम्ही पोचलो. पुढे अण्णासाहेब, मागे मी पुस्तक छातीशी धरून, त्यामागे धोंडू दौत घेऊन. अण्णासाहेबांनी दरवाजातूनच आवाज चढवला, “ताम्हाणे! काय ही बेशरमी! सरकारी हुकूम पायदळी तुडवून इथे मोदक...”

पायरीवर अनवाणी कलेक्टर, आणि त्यांच्या हनुवटीवर गुळाचं सारण.

साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं, सावकाश बूट चढवले, हॅट घातली. एवढ्या वेळात त्या डोक्यात काय शिजलं देव जाणे, पण उभे राहिले ते पक्के कलेक्टर होऊन.

“चिटणीस,” साहेब म्हणाले, “मी दौऱ्यावर आहे. मुक्काम, कुलाबा किल्ला.”

“होय साहेब,” अण्णासाहेब म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“कलेक्टर जेथे, तेथे कचेरी. खरे आहे ना?”

“खरं आहे, साहेब.”

“मग आज कचेरी येथे आहे. ताम्हाणे अकराच्या आत येथे हजर होता. मी स्वतः त्याची छत्री पाहिली. पुस्तक आणा.” साहेबांनी तोफेवर पुस्तक ठेवून भालूच्या नावापुढे आपल्या हाताने ‘हजर’ लिहिलं. भालूचा चेहरा कसा झाला सांगू? वाटलं, आता हा साहेबांच्या पायावर लोळण घेणार. मी त्याचा कोट मागून घट्ट धरून ठेवला.

साहेबांनी घड्याळ काढलं. “चिटणीस, तुम्ही कचेरीत किती वाजता आलात?”

अण्णासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. “साहेब, मी... मी अकरालाच... तिकडे...”

“तिकडे कचेरी नव्हती. ती केवळ इमारत होती.” साहेबांनी लाल टाक उचलला आणि तीस वर्षांच्या कोऱ्या करकरीत नावापुढे एक टिंब टेकवलं. मग माझ्या नावापुढे एक. मग धोंडूच्या. गावात आपापल्या टेबलावर इमानेइतबारे लेखणी चालवणारी आमची अख्खी कचेरी त्या दिवशी गैरहजर होती, पण तेवढ्या फुल्या मारायला शाई पुरेना, म्हणून ते सोडून दिलं.

मला हसू आवरेना. मी खोकल्याचं नाटक केलं. पण अण्णासाहेबांकडे लक्ष गेलं आणि माझा खोकला आपोआप थांबला. ते त्या टिंबाकडे बघत होते. भाऊ गेला तेव्हासुद्धा हा माणूस असा दिसला नव्हता.

परतताना सगळे एकाच होडीत. साहेब आणि भालू पुढे, आम्ही मागे. मग अण्णासाहेब माझ्या कानाशी आले. “सुळे.”

“बोला, अण्णासाहेब.”

“एका टिंबाने काय होतं हो?”

“काही होत नाही. आम्ही नाही का जगलो?”

“ताम्हाण्यांची हजेरी स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “मी शब्द दिलाय. शनिवारी कागदावर सही झाली की माघात मुहूर्त धरीन. तुम्ही असं करा, माझ्या नावाने एक अर्ज लिहा.”

“कसला अर्ज?”

“रजेचा.” हा शब्द त्यांच्या तोंडून इतका चाचरत आला की जणू नव्या नवरीने नवऱ्याचं नाव घेतलं. “एक दिवस. कारण, कन्येचा विवाह.”

इतकी वर्षं शिव्या खाल्लेला माणूस मी, अशी संधी सोडतो होय! म्हणालो, “अण्णासाहेब, लिहितो. पण तुम्हाला ठाऊकच आहे, रजा हा हक्क नव्हे.”

अण्णासाहेब हसले. खरंच हसले. भालूने दचकून मागे बघितलं.

साहेब मात्र वळले नाहीत. त्यांची नजर पश्चिमेला, जिथे सकाळचा तो धूर केव्हाच विरून गेला होता. तिकडे बघतच ते म्हणाले, “चिटणीस, एका दिवसात लग्न होत नाही. आठ दिवस घ्या.”

“आठ दिवस? साहेब, इतकी कशाला...”

“घ्या,” साहेब म्हणाले. “कोणाला तरी मिळू दे.”